नावेसाठी संपर्क

एसटीच्या शेडवर अजून माझा नंबर आहे,
पिवळ्या ऑइलपेंटनं.
शेवटचा आकडा आठ की तीन, लोकांना कळत नाही,
म्हणून निम्मे फोन मंद्रूपच्या एका शिंप्याला जातात.
चांगला माणूस. कपडा बेतता बेतता सांगतो,
आठ नाही ओ, तीन. लक्काप्पाला लावा.

मग मला विचारतात,
होळेगावला यायचं कसं?

हां, ऐका.
रेल्वेनं आलात तर सोलापूरला जागे राहा,
नाहीतर डोळे उघडतील ते थेट वाडीला.
स्टेशनबाहेर रिक्षावाला तीनशे म्हणेल.
तो तुम्हाला म्हणत नाही,
तुमच्या बॅगेच्या चाकांना म्हणतोय.
हसा, आणि शेअर रिक्षानं स्टँड गाठा.

आमची मुक्कामी गाडी सहा पाचला.
सहा पाच म्हणजे पावणेसात.
म्हेत्रेबाई कंडक्टर असल्या तर पुढं बसा,
त्या तिकिटाआधीच सांगतील
नाव बंद होऊन किती वर्षं झाली ते.
तरी या.

घाई असेल तर वडाप.
सैफुलला मैनुद्दीनची जीप उभी असते,
नऊ जणांची, चौदा झाल्याशिवाय हलत नाही.
पंधरावा बोकड असतो कधी, त्याला निम्मं भाडं.
खिडकी मिळाली तर सोडू नका,
तिला काच नाही.

स्वतःची गाडी असेल तर विजापूर रोड धरा.
फोनमधली बाई मध्येच म्हणेल, डावीकडे वळा.
वळू नका.
तिला वाटतं तिथं रस्ता आहे.
तिथं ऊस आहे.
मागच्या दिवाळीत नाशिकचे एक डॉक्टर
रात्रभर त्यात हॉर्न वाजवत बसले होते,
आम्हाला वाटलं, कारखान्याचा भोंगा.

नावेनं?
नाव शाळेमागं उपडी पडलीय,
पोरं तिच्यावरून घसरतात.
पूल झाला ना. चांगला झाला,
बाळंतीण आता अर्ध्या तासात सोलापूर रोडला लागते,
मी काय वाईट म्हणू पुलाला.

नावेच्या आधी काहील होती.
गुळाची.
गुऱ्हाळ संपलं की तीच पाण्यात सोडायची,
कितीही घासा, तळाला गोडी उरायची,
मुंग्या फुकटात नदी ओलांडायच्या.
काहिलीला पुढचं-मागचं तोंड नसतं, ओ,
गोल फिरत जाते.
निंगव्वा पलीकडची. हळद ओली असताना
मी तिला त्यात बसवून आणली,
तेव्हा तिला माझं गाव दिसलं,
मग तिचं गाव, मग माझं,
मग पुन्हा तिचं.
अजून झोपेत कूस बदलते तेव्हा मला वाटतं,
उतरलीच नाही ही.

असो. तुम्ही कधी येताय?
धरणातनं पाणी सुटलं असेल तर संगम बघण्यासारखा आहे,
दोन रंगाचं पाणी, पार पुलापर्यंत
एकमेकांशी बोलत नाही.
मे महिन्यात येणार असाल
तर आणखी एक वाट आहे, स्वस्तातली.
माझा मेहुणा येतो तशी.
पलीकडच्या काठावर उतरायचं
आणि नदीतून चालत यायचं.
चपला काढू नका, वाळू भाजते.
तो दारात येतो तेव्हा
निंगव्वा त्याच्या पायांवर
टँकरच्या पाण्याचा तांब्या ओतते.
गुडघ्यापर्यंत धूळ असते, नदी ओलांडून आलेल्या माणसाच्या.
ती काही बोलत नाही.
दुसरा तांब्या भरायला आत जाते.

हॅलो?
हां, हां, भाकरी मिळेल. कडक चालते ना?
निघण्याआधी एक फोन करा.
शेवटी तीन. आठ नाही, तीन.
आठ लागला तर त्याला विचारा,
माझा सदरा झाला का म्हणून.